‘ओटी असिस्टंट पाहिजे’: पण कुठल्या ओटीत?

सोलापुरात अशी जाहिरात दिसली की बहुतेक जण ऑपरेशन थिएटरच धरून चालतात. पण ऑक्युपेशनल थेरपीलाही, म्हणजे आजार-दुखापतीनंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या थेरपीलाही, ओटीच म्हणतात. आरोग्यक्षेत्रातल्या सहयोगी व्यवसायांच्या 2021च्या केंद्रीय कायद्यात हे दोन वेगळे व्यवसाय आहेत, आणि कामाचा दिवसही अगदी वेगळा जातो.

थिएटरमध्ये ऑटोक्लेव्ह (उपकरणं वाफेनं निर्जंतुक करणारं यंत्र) लावायचा, ट्रॉली मांडायची, गॉज मोजून द्यायचे, मोजूनच परत घ्यायचे. तासन्‌तास उभं राहायचं, रात्री-अपरात्री सिझेरियनचा कॉल आला की धावायचं. सुई टोचण्याचा धोका असतो, म्हणून हिपॅटायटिस बीची लस आधीच घ्या. सी-आर्म (ऑपरेशनवेळचं एक्स-रे यंत्र) चालू असेल तर लेड एप्रन, म्हणजे शिशाचा एप्रन, हवाच.

थेरपीत रात्रीचे कॉल सहसा नसतात, पण पेशंट आठवडेच्या आठवडे तोच असतो. लकवा मारलेली विडी कामगार बाई घ्या. हात किती अंश वर जातो याच्याशी तिला देणंघेणं नसतं. तेंदूचं पान कात्रीनं कापता येईल का, भाकरी थापता येईल का, एवढंच ती विचारते. आधी कोणती पकड सुधारायची हे थेरपिस्ट मॅडम ठरवतात, असिस्टंट ते रोज करून घेतो. पुटी (व्यायामाचा मऊ गोळा) दाबणं, मग जाड दांड्याची कात्री, मग पान. कित्येक दिवस बोट हलत नाही, आणि ‘कधी बरं होणार?’ हे घरचे रोज असिस्टंटलाच विचारतात. या कामाचा खरा थकवा मला यातच दिसतो.

अंगमेहनतही आहे. पेशंटला खाटेवरून खुर्चीत घेताना कंबरेला पट्टा बांधून, आपले गुडघे वाकवून उचलायचं, नाहीतर आपली पाठ जाते. लुळा हात धरून कधीच ओढायचं नाही, खांदा सांध्यातून सरकतो. होम व्हिजिट असेल तर मे महिन्यात चाळिशीपार उन्हात पूर्व भागातल्या छोट्या खोल्यांमध्ये जमिनीवर बसून काम करावं लागतं. तिथं थोडं तेलुगू येत असेल तर फार उपयोग होतो.

असिस्टंटच्या भरवशावर पेशंट सोडून देणं मला सर्वस्वी चूक वाटतं. म्हणून मुलाखतीत पगाराआधी हे विचारा: पदवीधर थेरपिस्ट रोज हजर असतात का? उचलायला दुसरं माणूस मिळेल का? होम व्हिजिटचं पेट्रोल कोण देणार?