आगगाडी पेलणारी केबल

केबल-स्टेड पुलावर, म्हणजे उंच मनोऱ्यांपासून तिरक्या केबलनी धरलेल्या पुलावर, रस्त्याच्या जोडीला रेल्वे आणायची म्हटले की प्रश्न नुसत्या वजनाचा उरत नाही. वजनासाठी केबल जाड करता येते. कसोटी लागते ती ताणाच्या चढउतारात.

रस्त्याच्या पुलावर केबलमधला बहुतेक ताण पुलाच्या स्वतःच्याच वजनाने आलेला असतो. ट्रक आले-गेले तरी त्यात फारसा फरक पडत नाही. आगगाडीचे मात्र शेकडो टन एका रेषेत सरकत जातात. गाडी मधल्या गाळ्यावर, म्हणजे दोन मनोऱ्यांमधल्या भागावर, आली की रूळ पेलणारी तुळई वाकते, मनोऱ्याचा माथा त्या बाजूला ओढला जातो आणि मागच्या टोकाच्या केबल ताणल्या जातात. तीच गाडी कडेच्या गाळ्यावर असताना याच केबलचा ताण उतरतो. ताण उतरला की झोळ वाढतो आणि पुलाचा ताठपणा कमी होतो. म्हणून कडेच्या गाळ्यात जादा खांब घालतात. टोकाच्या खांबाला तर तुळई वर उचलली जाऊ नये म्हणून ती खाली धरून ठेवावी लागते.

डेन्मार्क-स्वीडनमधल्या ओरेसुंड पुलाचा मुख्य गाळा 490 मीटरचा. वर मोटाररस्ता, खाली दोन रूळ आणि दोन्हींच्या मधे सुमारे 10 मीटर उंचीचा, त्रिकोणांच्या जोडणीचा पोलादी सांगाडा. दोन मजले केल्याने ही उंची आपोआप मिळते आणि तीच पुलाला ताठ ठेवते. रेल्वेसाठी ही रचना मला सर्वात पटते.

केबल म्हणजे सात तारांच्या 15.7 मिमी व्यासाच्या स्ट्रँडांचा जुडगा. एक स्ट्रँड तुटायला सुमारे 28 टन ओढ लागते. वापरात त्याच्या निम्म्याहून कमीच ठेवतात. तरीही तारा थकतात, कारण ताण सतत वरखाली होतो. नमुन्याच्या केबलचा ताण 20 लाख वेळा वरखाली करून पाहतात आणि तेवढ्यात दोन टक्क्यांहून जास्त तारा तुटल्या तर ती नापास होते. धोक्याची जागा अँकरजवळची, म्हणजे केबलचे टोक जिथे पक्के धरलेले असते तिथली. तिथे स्ट्रँड आवळणाऱ्या पाचरीचे दात तारेत रुततात, वाऱ्याने हलणारी केबल तिथेच वाकते आणि पाणीही तिथेच उतरते. अर्जेंटिनातल्या सारते-ब्रासो लार्गो पुलांवर रूळ एका कडेला आहेत, म्हणजे गाडीचा भार त्या बाजूच्या केबलवर जास्त येतो. तिथे 1996 मध्ये एक केबल तुटली.

शेवटचा पेच पुलाच्या टोकाशी. पोलाद दर अंशाला किलोमीटरमागे 12 मिमी वाढते, म्हणजे 40 अंशांच्या फरकात जवळपास अर्धा मीटर. त्यासाठी एकमेकांवर सरकणारे रूळ बसवतात. पण गाडीखाली तुळईचे टोक तिरकेही होते. हा कोन मर्यादेबाहेर गेला, तर तुळईच्या टोकाशी असलेल्या फटीवर रूळ उचलले जातात आणि त्यांना धरून ठेवणारी पकड ढिली होते.