लो-डोस सीटीला येताना जुन्या स्कॅनची सीडी आणा

फुप्फुसाचा कॅन्सर वेळेत सापडावा म्हणून लो-डोस सीटी (कमी किरणांचा सीटी स्कॅन) करून घ्यायला येणारे बरेच जण जुना स्कॅन घरीच ठेवून येतात. "मोबाइलमध्ये फोटो आहे ना," असं म्हणतात. आमचे रिपोर्ट सर्वांत जास्त अडकतात ते इथेच.

टीबी किंवा न्यूमोनिया होऊन गेलेल्यांच्या फुप्फुसात बारीक गाठी आणि व्रण राहून जातात, आणि आपल्याकडे असे पेशंट पुष्कळ. ६ मिलिमीटरची गाठ जुन्या टीबीची की नव्याने आलेली, हे एका स्कॅनवरून बऱ्याचदा ठरवता येत नाही. तीच घट्ट गाठ दोन वर्षांपूर्वीच्या स्कॅनमध्येही तेवढीच असेल, तर काळजी जवळपास मिटते. वाढलेली दिसली तर तुमच्या डॉक्टरांना लगेच पुढची तपासणी करता येते. हे मोजमाप सीडीवरच्या मूळ चित्रांवर होतं. फिल्म खिडकीशी धरून काढलेल्या फोटोत एका मिलिमीटरचा फरक कुणालाच दिसणार नाही. सीडी हरवली असेल तर जिथे स्कॅन केला तिथे विचारा, बऱ्याच ठिकाणी पुन्हा काढून देतात.

सीडी येईपर्यंत रिपोर्ट थांबवतो म्हणून काही जण नाराज होतात. पण घाईत लिहिलेल्या एका ओळीमुळे माणसाला विनाकारण बायोप्सीची सुई टोचून घ्यावी लागू नये. अमेरिकेत सध्या किंवा पूर्वी खूप धूम्रपान करणाऱ्या ५३,००० हून अधिक लोकांवर झालेल्या अभ्यासात (२०११) एक्स-रेच्या तुलनेत लो-डोस सीटीने फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. पण त्याच अभ्यासात सीटीवर संशयास्पद ठरलेल्यांपैकी सुमारे ९६ टक्के निष्कर्ष कॅन्सरचे निघाले नाहीत. म्हणून तुलना हवीच.

"एक्स-रे स्वस्तात होतो, तोच करा" असाही आग्रह असतो. एक्स-रे आमच्याकडेही आहे, पण दरवर्षी एक्स-रे काढून या कॅन्सरचे मृत्यू कमी होत नाहीत, हे सिद्ध झालं आहे. या कामासाठी आम्ही तो सुचवत नाही.

स्कॅन सरसकट सगळ्यांचा करत नाही. अमेरिकेतल्या २०२१ च्या शिफारशीनुसार वय ५० ते ८०, रोज एक पाकीट सिगारेट २० वर्षं (किंवा दोन पाकिटं १० वर्षं), आणि सवय चालू असलेले किंवा सोडून १५ वर्षं न झालेले, यांना तो दरवर्षी करावा. आम्हीही तेच धरून चालतो. विडी ओढत असाल तर रोजच्या किती, ते सांगा. घरच्यांसमोर अवघड वाटत असेल तर आम्ही एकट्याला आत बोलावून विचारतो. खोकल्यातून रक्त पडत असेल किंवा वजन उतरत असेल, तर स्क्रीनिंगची वाट न बघता आधी छातीच्या डॉक्टरांना दाखवा.

उपाशी यायची गरज नाही, इंजेक्शन नाही, श्वास काही सेकंदच रोखायचा. किरणांचा डोस छातीच्या नेहमीच्या सीटीपेक्षा बराच कमी. तुमचा स्कॅन आम्ही जपून ठेवतो, पुढच्या वर्षी तुलनेचे वेगळे पैसे घेत नाही. नुकताच छातीचा संसर्ग होऊन गेला असेल तर येण्याआधी फोन करा, आम्ही तारीख पुढची देऊ.