लेस्टर पूर्व (ब्रिटिश संसदीय मतदारसंघ)

लेस्टर पूर्व हा इंग्लंडमधील लेस्टर शहराचा एक लोकसभासदृश मतदारसंघ असून येथून हाऊस ऑफ कॉमन्सवर एक खासदार निवडला जातो. १९१८ ते १९५० या काळात तो होता. फेब्रुवारी १९७४ पासून पुन्हा आहे. दिवाळीच्या रोषणाईसाठी ओळखला जाणारा, साड्यांच्या आणि सोन्याच्या दुकानांनी गजबजलेला बेलग्रेव्ह रोड याच भागातला. युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने १९७२ मध्ये युगांडातून हाकललेली हजारो भारतीय, विशेषतः गुजराती, कुटुंबे लेस्टरमध्ये स्थायिक झाली. ‘येऊ नका’ असे सांगणारी जाहिरात लेस्टरच्या नगर परिषदेने युगांडाच्या वृत्तपत्रात दिली होती, तरीही ही कुटुंबे आली आणि पुढे इथल्या राजकारणात त्यांचे मत निर्णायक ठरले.

१९७४ पासूनचे खासदार टॉम ब्रॅडली १९८१ मध्ये मजूर (लेबर) पक्ष सोडून सोशल डेमोक्रॅटिक पक्षात गेले. १९८३ मध्ये ते त्याच पक्षातर्फे उभे राहिले, मते फुटली आणि हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचे पीटर ब्रुइनव्हेल्स अवघ्या ९३३ मतांनी जिंकले. १९८७ मध्ये मजूर पक्षाच्या कीथ वाझ यांनी त्यांना १,९२४ मतांनी हरवले. वाझ येमेनमधील एडनमध्ये जन्मलेले, मूळच्या गोव्याच्या कुटुंबातले. मुंबईत जन्मलेले शापुरजी सकलातवाला १९२९ मध्ये पराभूत झाल्यापासून कॉमन्समध्ये आशियाई वंशाचा एकही सदस्य नव्हता. ती खंडित परंपरा वाझ यांनी पुन्हा सुरू केली. पुढची तीन दशके मतदारसंघ त्यांचा बालेकिल्ला राहिला. २०१७ मध्ये त्यांना ३५,११६ मते मिळाली आणि मताधिक्य २२,४२८ वर गेले.

बालेकिल्ला ढासळला तो त्यानंतर. शिस्तभंगाच्या प्रकरणात सहा महिन्यांचे निलंबन झाल्यावर वाझ २०१९ ची निवडणूक लढले नाहीत. त्याच वर्षी मजूर पक्षाच्या अधिवेशनातील काश्मीरविषयक ठरावाने अनेक हिंदू मतदार दुखावले. मजूर पक्षाच्या क्लॉडिया वेब यांनी जागा राखली, पण मताधिक्य ६,०१९ वर आले. छळाच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यावर २०२१ मध्ये पक्षाने त्यांची हकालपट्टी केली. २०२२ मध्ये शहरात हिंदू-मुस्लिम तणाव उसळला. २०२३ च्या नगर परिषद निवडणुकीत हुजूर पक्षाने १७ जागा पटकावल्या.

२०२४ मध्ये देशभर मजूर पक्षाची लाट असताना इथे हुजूर पक्षाच्या शिवानी राजा ४,४२६ मतांनी विजयी झाल्या. त्या निवडणुकीत हुजूर पक्षाने मजूर पक्षाकडून हिसकावलेली ही एकमेव जागा. मात्र मतदार मजूर पक्षाकडून हुजूर पक्षाकडे वळले, एवढाच या निकालाचा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. हुजूर पक्षाला २०१९ मध्ये १९,०७१ मते मिळूनही पराभव पत्करावा लागला होता. २०२४ मध्ये १४,५२६ मते विजयाला पुरली. सीमा किंचित बदलल्या होत्या, पण खरे कारण मतविभागणीचे. मजूर पक्षाचे राजेश अग्रवाल (जन्म इंदूरचा) १०,१०० वर थांबले. अपक्ष वेब यांनी ५,५३२ आणि ‘वन लेस्टर’ पक्षातर्फे पुन्हा रिंगणात उतरलेल्या वाझ यांनी ३,६८१ मते घेतली. मजूर पक्षाच्या या दोन माजी खासदारांची एकत्रित मते राजा यांच्या मताधिक्याच्या दुपटीहून अधिक होतात.