अभ्यासक्रमावरचा अभिप्राय आणि अध्यापनावरचा अभिप्राय

सत्र संपत आले की महाविद्यालयातून अभिप्रायाचे अर्ज येतात, हल्ली बहुधा गूगल फॉर्मच्या रूपात, आणि दोन वेगळ्या कामांसाठी असलेले हे अर्ज बरेच विद्यार्थी एकाच मजकुराने भरून टाकतात. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात अभ्यासक्रमावरील अभिप्राय आणि अध्यापनाविषयीचे विद्यार्थी समाधान सर्वेक्षण यांचे निकष निरनिराळे ठेवले आहेत, त्याला कारण आहे.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील संलग्न महाविद्यालयांत शिकवायचे काय, हे स्वायत्त महाविद्यालये वगळता कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची अभ्यास मंडळे ठरवतात. शहाद्याच्या किंवा चोपड्याच्या वर्गात शिकवणाऱ्या प्राध्यापकांना त्यातील एखादा घटक आपल्या मर्जीने गाळता येत नाही. त्यामुळे ‘पेपर फार अवजड आहे’ हा शेरा शिक्षकांच्या नावापुढे लिहिला, तर ज्यांच्या हाती काही नाही त्यांच्याच माथी तो बसतो.

समजा, वनस्पती रोगशास्त्राच्या पेपरात केळीवरील करपा नुसता नावापुरता आहे. रावेर-यावलच्या बागा इतक्या जवळ असताना प्रात्यक्षिकात एक क्षेत्रभेट असावी आणि त्यासाठी अमुक घटक कमी करावा, ही सूचना अभ्यासक्रमाविषयीची झाली. तोच करपा वर्गात पीपीटीवरून वाचून दाखवला गेला, फळ्यावर आकृती निघाली नाही, इंग्रजी संज्ञांचा अर्थ घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलांना एकदाही मराठीत मिळाला नाही, हे म्हणणे अध्यापनाविषयीचे आहे, आणि ते प्राध्यापकांना पुढच्या आठवड्यापासूनही सुधारता येते. मात्र ‘सरांचे शिकवणे समजत नाही’ एवढ्यावरून त्यांनी नेमके काय बदलायचे, हे कोणालाच सांगता येणार नाही. कोणता घटक आणि कुठे अडले, हे लिहायलाच हवे.

समाधान सर्वेक्षणात २० प्रश्न पर्यायांचे असतात आणि २१ वा मोकळा, ज्यात तीन निरीक्षणे किंवा सूचना मागितलेल्या असतात. माझ्या मते साऱ्या अर्जात कामाची जागा तीच, आणि नेमकी तिथेच ‘सर्व छान’ लिहून मंडळी मोकळी होतात. (पहाटेची एसटी उशिरा पोहोचल्याने पहिली तासिका बुडत असेल, तर तो विषय वेळापत्रकाचा आहे; त्यासाठी प्राचार्यांना अर्ज द्यावा. गुणांत किंवा वागणुकीत अन्याय झाला असेल, तर मात्र ती तक्रार ठरते आणि ती विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे न्यायची असते.)

खरा घोळ होतो तो ‘पोर्शन पूर्ण झाला नाही’ या वाक्यात, कारण ते दोन्हीकडे बसते. दोन श्रेयांकांच्या (क्रेडिटच्या) लेखी पेपरला ३० तासिका धरलेल्या असतात. त्या सगळ्या होऊनही शेवटचा घटक राहिला, तर बहुधा आराखड्यातच मजकूर जास्त आहे आणि ते अभ्यास मंडळाला कळायला हवे. पण तासिकाच १८ झाल्या असतील, तर अभ्यासक्रमाला बोल लावण्यात अर्थ नाही. वहीतल्या तारखा मोजल्या की कोणत्या अर्जात लिहायचे ते ठरते, आणि तो आकडा अर्जातही नमूद करावा.