अनारकलीच्या कथेतला खानदेश

५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबईच्या मराठा मंदिरात ‘मुघल-ए-आझम’ लागला. त्यात बाप-लेकाची लढाई पेटते ती अनारकलीपायी. सलीमचं बंड इतिहासातही आहे, पण ते झालं तेव्हा अकबर आग्र्यात नव्हता. तो खानदेशात अडकला होता.

बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, रावेरच्या थोडंसं पुढे. तेव्हा ती खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी. अकबर १६०० मध्ये तिथे उतरला आणि बहादूर फारुकी असीरगडावर जाऊन बसला. गडावर दाणागोटा भरपूर, पण माणसांची दाटी झाली, रोगराई पसरली, अंगाला सूज येऊन लोक मरू लागले. तरी गड हाती यायला जानेवारी १६०१ उजाडला. एवढी सवड मिळताच सलीम मेवाडची मोहीम सोडून अलाहाबादला गेला आणि त्याने वेगळा दरबार थाटला. कारण तख्त. बापाशी समोरासमोर लढाई झालीच नाही.

मग अनारकली आली कुठून? ‘अकबरनामा’त ती नाही, जहांगीरच्या, म्हणजे पुढे बादशहा झालेल्या सलीमच्या, आठवणींतही नाही. इंग्रज व्यापारी विल्यम फिंच १६१० मध्ये सुरतेहून नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर असा आपल्या खानदेशातूनच बुऱ्हाणपूरला गेला. पुढे लाहोरला त्याने एका कबरीची हकीकत टिपली: डाळिंबाच्या दाण्याचं नाव असलेली ही बाई म्हणजे अकबराचीच एक बायको, शहजादा दानियालची आई, सलीमशी संबंध असल्याचं कळताच तिला भिंतीत चिणलं. फिंचच्या मजकुरात नर्तकी कुठेच नाही. आज लोकांच्या मनात आहे ती कनीज, म्हणजे दासी, रुजवली प्रामुख्याने इम्तियाज अली ताज यांच्या १९२२ च्या उर्दू नाटकाने.

कबरीवर ‘मजनून सलीम अकबर’ (मजनून म्हणजे प्रेमवेडा) अशी सही आहे आणि हिजरी १००८ व १०२४ ही सालं. १००८ म्हणजे १५९९-१६००. हे मृत्यूचं साल धरलं तर लाहोरात अकबराने तिला चिणल्याची गोष्ट बसत नाही, कारण १५९८ च्या अखेरीसच त्याने लाहोर सोडलं होतं. आमच्या मते कबरीमागचं प्रेम खरं असावं. भिंत मात्र ऐकीव.

फिंचने ज्याचं नाव घेतलं तो दानियाल खानदेशचा सुभेदार झाला आणि सुभ्याला ‘दानदेश’ नाव मिळालं. दारूने पोखरलेल्या या शहजाद्यावर सासरे, अकबराचे सरदार अब्दुर्रहीम खानखानान यांनी पहारा बसवला. तेव्हा नोकराने बंदुकीच्या नळीत कडक दारू भरून आत नेली. नळीतला गंज आणि दारूची जळजळ पोटात गेली आणि दानियाल बुऱ्हाणपुरातच, ३३ व्या वर्षी गेला. जहांगीरने हे लिहून ठेवलं आहे आणि त्या बंदुकीचं नावही. ते दानियालनेच ठेवलं होतं, ‘यका उ जनाजा’: हिची गोळी लागली की थेट तिरडीच.