सहावीपासून कोडिंग सक्तीचं झालंय का?
सांगलीत जून उजाडला की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच मेसेज फिरतो: 'नव्या धोरणाने सहावीपासून कोडिंग सक्तीचं केलंय, आत्ताच क्लास लावा.' हे खरं नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० एवढंच म्हणतं, की सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम आणावेत. सक्तीच्या परीक्षेचा त्यात उल्लेखही नाही. सीबीएसईने २०२१ मध्ये आणलेलं कोडिंगही ऐच्छिकच.

मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावं, असं मला मनापासून वाटतं. पण घाबरून, कर्ज काढून नव्हे. घरातली हळदीची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, घ्या. वजन गुणिले दर, त्यातून हमाली-तोलाई वजा. माल ओला निघाला, तर दर वेगळा. हे टप्पे मुलाला क्रमाने वहीत लिहायला सांगा. प्रोग्रॅमचा आराखडा असाच असतो, आणि त्याला कॉम्प्युटरही लागत नाही.