कॅसाब्लांकाच्या गर्दीतली माणसं

कॅसाब्लांका हा हॉलिवूडचा युद्धकाळातला सिनेमा, नाझींपासून पळून मोरोक्कोतल्या त्या शहरात व्हिसासाठी अडकलेल्या माणसांचा. त्याचं नाव काढलं की बोगार्ट, बर्गमन हे नट-नटी आणि धुक्यातलं विमान एवढंच बहुतेकांना आठवतं. मला मात्र दरवेळी आधी मार्सेयेजचा, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रगीताचा सीन आठवतो. रिकच्या, म्हणजे बोगार्टच्या कॅफेत जर्मन अधिकारी पियानोभोवती जमून त्यांचं गाणं म्हणत असतात, नाझींशी लढणारा लाझ्लो तरातरा बँडपाशी जातो आणि मार्सेयेज वाजवा म्हणतो, बँडवाले रिककडे बघतात, तो नुसती मान हलवतो आणि मग अख्खा कॅफे उभा राहून गायला लागतो. मधेच कॅमेरा इव्हॉन नावाच्या फ्रेंच तरुणीवर येतो, गाल ओले झालेत, ती तशीच गातेय आणि शेवटी जीव तोडून 'विव्ह ला फ्रान्स', फ्रान्स चिरायू होवो, असं ओरडते. ते रडणं ग्लिसरिनचं वाटतच नाही, आणि का वाटत नाही हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

सुरुवात झाली 1938 च्या उन्हाळ्यात. मरे बर्नेट हा न्यूयॉर्कचा शाळामास्तर, बायकोसोबत व्हिएन्नाला गेला होता, तिच्या ज्यू नातेवाईकांना मदत करायला. हिटलरनं ऑस्ट्रिया नुकताच गिळला होता आणि लोक जीव मुठीत धरून बाहेर पडायची वाट शोधत होते, ते सगळं त्यानं डोळ्यांनी बघितलं. पुढे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर एका नाइटक्लबमधे एक कृष्णवर्णीय पियानोवादक बघितला आणि नाटकाचं बीज पडलं. जोन अ‍ॅलिसनबरोबर त्यानं नाटक लिहिलं पण ते तेव्हा रंगमंचावर काही आलं नाही. शेवटी ते वॉर्नर ब्रदर्सकडे पोचलं, पर्ल हार्बरवर हल्ला झाला त्याच आठवड्यात. निर्माता हॅल वॉलिसनं 20,000 डॉलर मोजून हक्क घेतले.

पटकथा एपस्टाइन हे जुळे भाऊ आणि हॉवर्ड कॉक यांची, आणि 25 मे 1942 ला शूटिंग सुरू झालं तरी ती पुरी झालेली नव्हती. बर्गमनला तर आपण नक्की कोणावर प्रेम करायचंय हेच कोणी धड सांगेना. ह्या गोष्टी सगळीकडे वाचायला मिळतात म्हणून जास्त लिहीत नाही. डूली विल्सनचं मात्र सांगतो, कॅफेतल्या पियानोवादक सॅमचं काम करणारा हा माणूस गायक आणि ड्रमर, पियानो त्याला येतच नव्हता, वाजवणारा दुसराच होता.

पण खरी गोष्ट आहे गर्दीतल्या माणसांची. ज्यांची नावं पडद्यावर येतात त्यांच्यात अमेरिकेत जन्मलेले फक्त तिघं, बोगार्ट, डूली विल्सन आणि जॉय पेज. बाकी सगळे बाहेरचे, आणि त्यातले कितीतरी नाझींपायी घरदार सोडून आलेले. दिग्दर्शक मायकेल कर्टिझ बुडापेस्टचा ज्यू, तो बराच आधी आलेला, पण त्याच्या मागे राहिलेल्या नातेवाईकांपैकी काही जण पुढे आउशवित्झच्या छळछावणीत मारले गेले. कार्ल वेटर झालेला गुबगुबीत साकाल, त्याच्या बहिणी छळछावणीत गेल्या त्या परत आल्याच नाहीत. जुगारात हरत बसलेला तरुण नवरा झालाय हेल्मुट डांटिन, त्याला व्हिएन्नात नाझींनी खरोखर डांबून ठेवलं होतं.

आणि मेजर स्ट्रासर! तो झालाय कॉनराड फाइट, बायको ज्यू म्हणून 1933 मधेच जर्मनी सोडलेला माणूस, आणि इथे नाझीचा गणवेश घालून उभा. लाझ्लो झालेला पॉल हेन्रीड ऑस्ट्रियाचा, लढाई सुरू झाली तेव्हा तो इंग्लंडमधे होता, शत्रूदेशाचा नागरिक म्हणून त्याला पकडायची वेळ आली तेव्हा त्याच्यासाठी शब्द टाकला तो ह्याच फाइटनं. पडद्यावर एकमेकांच्या जिवावर उठलेली ही दोघं, हे माहीत झाल्यापासून त्यांचे सीन मी वेगळ्याच नजरेनं बघतो. फाइट एप्रिल 1943 मधे गेला, सिनेमाला सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर मिळालेलं त्यानं बघितलं नाही.

आता इव्हॉन. मॅडलिन लबो, वय जेमतेम 19. जून 1940 मधे जर्मन पॅरिसमधे शिरायच्या आधी ती आणि तिचा ज्यू नवरा मार्सेल दालिओ निसटले, लिस्बन गाठलं, तिथून बोट धरली, आणि मेक्सिकोत कळलं की आपल्याजवळचे चिलीचे व्हिसा खोटे आहेत. कॅनडाच्या तात्पुरत्या पासपोर्टवर कसेबसे अमेरिकेत आले. दालिओ फ्रान्समधला मोठा नट होता, नाझींनी 'ज्यू असा दिसतो' म्हणून त्याच्या चेहऱ्याची पोस्टरं लावली होती. इथे त्याच्या वाट्याला आलं रुलेटवरच्या एमिलचं काम, दोनचार वाक्यांचं. व्हिसासाठी तळमळणाऱ्या माणसांच्या कॅफेत ही दोघं काम करत होती, एक रुलेटपाशी, एक बारपाशी, आणि पॅरिस तेव्हा जर्मनांच्याच ताब्यात होतं.

लबो मे 2016 मधे स्पेनमधे वारली, 92 वर्षांची होऊन. श्रेयनामावलीतल्या कलाकारांपैकी शेवटपर्यंत राहिलेली ती एकटीच.